अनुदानाचा अर्ज
गावोगावची वाचनालये आणि तालमी लोकवर्गणीवर उभ्या राहिल्या खऱ्या. परंतु छप्पर गळू लागले किंवा ग्रंथपालाचे वेतन थकले, की ती वर्गणी अपुरी पडते आणि कार्यकर्त्यांना एखाद्या धर्मादाय न्यासाकडे जावे लागते, म्हणून हा अंक आम्ही अनुदानाच्या अर्जास वाहिला आहे. 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखालील नोंदणी, लेखापरीक्षित हिशेब, कार्यकारिणीचा ठराव या दस्तऐवजांची तजवीज आधीच केलेली बरी. तथापि गरज कोणाची, खर्च किती आणि अनुदान संपल्यावर काम कोण चालवणार, हे जेथे निःसंदिग्धपणे मांडलेले असते, तेथेच आमच्या मते अर्जाचा प्राण असतो. नामंजूर अर्जांचाही येथे आस्थेने विचार केला आहे. आपल्या संस्थेचा अनुभव, मंजुरीचा असो वा नकाराचा, आम्हांस अवश्य कळवावा; निवडक पत्रे पुढील अंकी छापू.