डॉक्टर व्हायचंय? मग आधी गावच्या उपकेंद्राची पायरी चढा

दहावीचा निकाल लागला की आपल्या जिल्ह्यातून एक वारी निघते. ती तुळजापूरची नव्हे, लातूरची. गादी, बादली अन् पुस्तकांचं गाठोडं घेऊन लेकरू एसटीत बसतं आणि बाप आडतीवर उचल मागायला जातो. कुणी सोयाबीन येईल त्या भावात मोडतो, कुणी बँकेत सातबारा ठेवतो. पोरगं डॉक्टर झालं म्हणजे घराचे पांग फिटले, एवढाच हिशेब मनात असतो.

शेतकरी बंधूंनो, या स्वप्नात वावगं काहीच नाही. आपल्या लेकरांनी डॉक्टर व्हावंच. पण एक सरळ प्रश्न आहे. ज्या पोरासाठी आपण एवढं कर्ज काढतो, त्यानं एक दिवस तरी दवाखाना आतून पाहिला आहे का? रक्त पाहून त्याला भोवळ येते, की ते पुढं होऊन आजीबाईला हात देतं? बैल घेताना आपण दात बघतो, चालवून बघतो. मग पोराच्या आयुष्याची पाच-सहा वर्षं आणि घरची पुंजी लावताना काहीच पाहायचं नाही?

वैद्यकीय प्रवेशासाठी नीट नावाची 720 गुणांची परीक्षा असते. 2024 साली देशभरातून 23 लाखांवर मुलांनी ती दिली. एमबीबीएसच्या जागा साऱ्या देशात मिळून लाख-सव्वा लाखाच्या घरात, त्यातल्या निम्म्याच सरकारी. म्हणजे वीस पोरांमागं जेमतेम एकाला जागा. बाकीच्यांचं काय? पुन्हा एक वर्ष, पुन्हा एक कर्ज.

अमेरिकेत डॉक्टरकीला प्रवेश देताना मुलानं दवाखान्यात किती सेवा केली, हेही पाहतात. आपल्याकडं त्याला एक गुण मिळत नाही. म्हणून पालक म्हणतात, 'सेवा करून काय मिळणार? तेवढ्या वेळात दोन धडे होतील.' वरवर हे खरं आहे. पण ज्यानं आजारी माणूस जवळून पाहिला आणि तरीही ज्याला हेच करावंसं वाटलं, ते पोर अभ्यासाला वेगळ्या जिद्दीनं बसतं. आणि ज्याला ते पाहून नको वाटलं, त्याचे आणि बापाचे लाखो रुपये वाचतात. दोन्हीकडून फायदाच आहे.

हे शिक्षण कुठं मिळेल? लांब जायची गरज नाही. भूम-परंड्याच्या शेजारी जामखेड आहे. तिथं डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 साली काम सुरू केलं. शाळेचं तोंडही न पाहिलेल्या बायकांना त्यांनी आरोग्यसेविका केलं. त्या बायकांनी गावोगावची बाळंतपणं आणि लेकरांची दुखणी सांभाळली. 1979 साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आपल्याच तुळजापूर तालुक्यात अणदूरला डॉ. शशिकांत अहंकारी यांनी हॅलो मेडिकल फाउंडेशन उभं केलं आणि खेड्यातल्या बायकांना शिकवून 'भारतवैद्य' बनवलं. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे भूकंपानं किल्लारी-सास्तूरचा भाग उद्ध्वस्त केला, तेव्हा ढिगाऱ्यातून माणसं काढायला आधी धावली ती आसपासच्या गावांतली साधी माणसंच. न शिकलेली बाई जर गावाचं आरोग्य सांभाळू शकते, तर नववी-दहावीतलं पोर तिच्या हाताखाली चार गोष्टी नक्कीच शिकेल.

आता काम कोणतं, ते सांगतो. दर महिन्याला अंगणवाडीत ग्राम आरोग्य व पोषण दिवस असतो. तिथं लेकरांची वजनं होतात, लसी टोचतात, गरोदर बायकांची तपासणी होते. पोरानं वजनाचे आकडे लिहावेत, घरोघर निरोप द्यावा. नळाच्या शेवटच्या टोकाला पाण्यात क्लोरीन पोचतं का, ही ओटी टेस्ट पाणी सोडणाऱ्या कर्मचाऱ्याबरोबर करावी. आठवड्याच्या कोरड्या दिवशी रांजण-टाक्या रिकाम्या करायला आशाताईंबरोबर फिरावं. क्षयाच्या रोग्यानं आज गोळी घेतली का, हे आशाताई कसं विचारतात ते ऐकावं. कोजागिरीच्या सुमारास सोलापूरहून तुळजापूरला भक्त पायी येतात. त्या वाटेवरच्या प्रथमोपचार केंद्रात पाणी देत एक रात्र उभं राहावं. फोड आलेले पाय पाहिले की वैद्यकी म्हणजे काय, ते थोडं कळतं.

पण काही गोष्टींना सक्त मनाई हवी. पोरानं सुईला हात लावायचा नाही, गोळी द्यायची नाही, जखम धुवायची नाही. कुणाला कोणता आजार आहे, हे पारावर तर नाहीच, घरीही बोलायचं नाही. पेशंटचा फोटो मोबाइलमध्ये काढायचा नाही. साप चावला तर चिरा देणं आणि मांत्रिक शोधणं सोडून 108 ला फोन लावायचा, एवढं त्यानं घरच्यांना शिकवलं तरी पुष्कळ झालं.

याची सोय करणं सरपंच आणि ग्रामसेवक यांच्या हातात आहे. ग्राम आरोग्य समिती कागदावर सगळ्याच गावांत असते. तिची बैठक बोलवा. मुख्याध्यापक, उपकेंद्राच्या सिस्टर आणि आशाताई यांना एकत्र बसवा. पाच-सहा मुलं निवडा, निम्म्या मुली घ्या, पालकांची लेखी संमती घ्या. महिन्याला दोन रविवार आणि उन्हाळ्याच्या सुटीतले पंधरा दिवस, बस्स. परीक्षेच्या काळात काम बंद. पोरांना फुकटचे शिपाई समजून राबवू नका, म्हणजे पालकही विश्वास ठेवतील.

धाराशिवला 2022 पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, 100 जागांचं. आता एमबीबीएसच्या मुलांना पहिल्या वर्षापासून खेड्यातली काही कुटुंबं दत्तक घेऊन त्यांच्या घरी जावं लागतं. सेवाग्रामच्या महाविद्यालयात तर प्रत्येक नवी तुकडी एक गाव दत्तक घेते. धाराशिवची मुलं तुमच्या गावात आली, तर आपली नववी-दहावीची पोरं त्यांच्याबरोबर फिरवा. डॉक्टर होणारा कसा अभ्यास करतो, हे त्याच्याच तोंडून ऐकलं तर जास्त पटतं.

तयारीतल्या दोन-चार व्यवहाराच्या गोष्टीही ध्यानात ठेवा. अकरावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हवंच. नीटचा पेपर मराठीतही मिळतो, पण त्याची मागणी अर्ज भरतानाच करावी लागते. राखीव प्रवर्गातल्या मुलांच्या जात पडताळणीचा प्रस्ताव बारावी संपायची वाट न पाहता कॉलेजमार्फत आधीच टाका. ऐन प्रवेशात तहसीलच्या खेपा घालणारे बाप दरवर्षी दिसतात. तलाठीभाऊंनी आणि सेवा केंद्रवाल्यांनी हे दाखले लटकवू नयेत, ही विनंती. आणि उमरग्याकडच्या मंडळींनी विशेष लक्ष द्यावं. शेजारच्या कर्नाटकात, हैदराबादला किंवा कोट्याला बारावी केली, तर महाराष्ट्राच्या कोट्यातली जागा सहसा हातची जाते. राज्याच्या 85 टक्के जागांसाठी दहावी आणि बारावी महाराष्ट्रातून असावी लागते. सवलती थोड्या आहेत, त्या आधी वाचा आणि मगच पोरगं बाहेर पाठवा.

शेवटची गोष्ट. डॉक्टर झालं नाही तर पोर वाया गेलं, असं समजू नका. उपकेंद्रात काम करताना एखाद्या मुलीला कळेल, की आपल्याला सिस्टर व्हायचंय. एखाद्याला प्रयोगशाळेतलं रक्त तपासण्याचं काम आवडेल. ही कामं कमी नाहीत. रात्री दोन वाजता अडलेल्या बाईजवळ बसणारी सिस्टर गावाला डॉक्टरइतकीच लागते.

सरकारी महाविद्यालयातून शिकलेल्या डॉक्टरला एक वर्ष सरकारी सेवा करावी लागते; ती टाळायची तर आधीच्या तुकड्यांना 10 लाख रुपये भरावे लागत. पैसे भरून मोकळं झालेलेही आहेत. त्यांना नावं ठेवून आपली प्राथमिक आरोग्य केंद्रं भरणार नाहीत. पण ज्या पोरानं चौदाव्या वर्षी आपल्याच गावच्या लेकरांची वजनं लिहिली, त्याला खेड्यात यायला बाँडचा धाक दाखवावा लागणार नाही, असा माझा विश्वास आहे. येत्या ग्रामसभेत हा विषय मांडून पाहा. खर्च काही नाही, आणि हे पीक एकदा उगवलं तर पिढ्यान् पिढ्या पुरेल.