शिवणयंत्र स्वस्त झाले, देखभालीचे काय?

२२ सप्टेंबर २०२५ पासून शिवणयंत्रे व त्यांचे सुटे भाग यांवरील वस्तू व सेवा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. घरबसल्या चार पैसे मिळवू पाहणाऱ्या असंख्य स्त्रियांना आणि गल्लीबोळांतील शिंप्यांना या निर्णयाने थोडाफार दिलासा मिळाला, यात शंका नाही. परंतु शिवणयंत्र ही एकदा विकत घेऊन कोपऱ्यात ठेवण्याची वस्तू नव्हे. रोज सहा-आठ तास चालणारे यंत्र वर्षातून एकदोनदा जाणत्या हाताखालून जावेच लागते. आणि ही देखभाल कर भरणाऱ्या नोंदणीकृत सेवा केंद्राकडून करून घेतली, तर तिच्या मजुरीवर १८ टक्के कर पडतो. यंत्रावर पाच टक्के आणि ते चालते ठेवण्याच्या श्रमावर अठरा टक्के, हा व्यवहार उफराटा आहे. परंतु खरी विसंगती केवळ कराची नाही. उपजीविकेचे साधन देण्याचा विचार सगळे करतात. ते चालू ठेवण्याचा खर्च मात्र कोणाच्याच हिशेबात धरलेला नसतो.

सर्व्हिसिंगचे बिल हाती पडले की गिऱ्हाइकाची पहिली तक्रार ठरलेली असते: ‘तेल घातले, सुई बदलली, याचे एवढे पैसे?’ ही तक्रार स्वाभाविक असली तरी पुरती न्याय्य नाही. यंत्र जड चालते, दोरा तुटतो, टाका सुटतो किंवा कापडाच्या खालच्या अंगाला दोऱ्याची गुंतवळ होते, तेव्हा दोष एकाच जागी असतो असे नाही. दात्यांखाली साचलेला कापडाचा भुसा काढावा लागतो. शटल उतरवून त्यावर ओरखडा पडला आहे काय, हे पाहावे लागते. वरच्या दोऱ्याचा ताण आणि बॉबिनच्या डबीतील दोऱ्याचा ताण यांचा मेळ घालावा लागतो. सर्वांत नाजूक काम सुई आणि शटल यांची वेळ जुळविण्याचे. सुई तळाशी जाऊन वर येऊ लागते, तेव्हा दोऱ्याचा लहानसा फास तयार होतो. सुई जेमतेम दोन-अडीच मिलिमीटर उचलली जाते न जाते, तोच शटलच्या टोकाने तो फास पकडला पाहिजे. ही वेळ किंचित चुकली तरी टाका पडत नाही. तेव्हा गिऱ्हाईक मोजते ती किंमत तेलाची नसते. ते तेल कोठे आणि किती घालावयाचे, हे ठाऊक असण्याची ती किंमत असते.

उलट बाजूने पाहता गिऱ्हाइकाची अडचणही तितकीच खरी आहे. समजा, सर्व्हिसिंगचे ५०० रुपये झाले आणि त्यावर कराचे ९० रुपये चढले. नगावर काम करणाऱ्या स्त्रीला दोरा, वीज वजा जाता एका नगामागे २० रुपये सुटतात आणि दिवसाकाठी तिचे दहा नग होतात, असे धरले, तर हे बिल म्हणजे तिची तीन दिवसांची कमाई होय. नुसत्या करापोटी साडेचार नग गेले. पण हिशेब येथे संपत नाही. यंत्र दुकानात चार दिवस पडून राहिले, तर ८०० रुपयांचे काम बुडाले ते वेगळेच. म्हणजे जी रक्कम बिलावर छापलेलीच नसते, तीच बिलापेक्षा मोठी ठरते. सोलापूरसारख्या शहरात शालेय गणवेशांच्या धंद्यातील पुष्कळसे शिवणकाम घरोघरच्या यंत्रांवर चालते. तेथे शाळा उघडण्याच्या तोंडावर, मे महिन्यात यंत्र बंद पडणे म्हणजे ऐन सुगीत बैल बसण्यासारखेच आहे.

मग साहजिकच देखभाल पुढे ढकलली जाते. जुन्या यंत्राच्या बाजारभावाशी बिल ताडून पाहिले की चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, असे वाटू लागते. यंत्राच्या तेलाऐवजी घरातले खोबरेल घातले जाते. ते काही काळाने चिकट होऊन सांधे धरून ठेवते. कोरडे पडलेले भाग एकमेकांवर घासून झिजतात. जे काम साफसफाईवर भागले असते, ते नवे भाग बसविण्यावर जाते. गरिबी माणसाला स्वस्त मार्गाने जाऊ देत नाही, याचे यापेक्षा बोलके उदाहरण दुसरे कोणते असेल?

या प्रश्नाला यंत्राच्या बदलत्या घडणीचीही एक बाजू आहे. घरोघरी दिसणारे पायडलचे किंवा हाताचे काळे यंत्र जुन्या सिंगर पद्धतीच्या बांधणीवर बेतलेले आहे. कंपनी कोणतीही असो, त्याची सुई, बॉबिन, डबी, पट्टा हे भाग बहुधा एकमेकांना चालतात. ते बाजारपेठेत सहज मिळतात, आणि तालुक्याच्या गावी एखादा मिस्त्री पेटीभर हत्यारांनिशी ते यंत्र उभे करून देऊ शकतो. मोटार, इलेक्ट्रॉनिक पट्टी आणि प्लास्टिकचे कवच घेऊन आलेली नवी यंत्रे अधिक सोयीची आहेत, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु त्यांचे अनेक भाग त्या त्या कंपनीचेच लागतात. बिघाड झाला की शहरातील सेवा केंद्र गाठावे लागते, नाहीतर माणूस घरी बोलावण्याचे वेगळे शुल्क द्यावे लागते. यंत्र घेताना ग्राहक टाक्यांचे प्रकार मोजतो. दुरुस्तीचे ठिकाण किती कोसांवर आहे, हे मोजत नाही.

यंत्रयुगाविषयी साशंक असलेल्या महात्मा गांधींनीही १९२४ साली झालेल्या एका संवादात सिंगरच्या शिवणयंत्राचा अपवाद आवर्जून केला होता. माणसाचे कष्ट हलके करणारे, त्याला निकामी न करणारे यंत्र त्यांना त्याज्य नव्हते. अशी यंत्रे बनविण्यासाठी कारखाने लागणारच, हेही त्यांनी नाकारले नाही. त्या कारखान्यांवर राष्ट्राची मालकी किंवा नियंत्रण असावे, एवढाच त्यांचा आग्रह होता. यंत्र कोठून येते, हा प्रश्न त्या काळी महत्त्वाचा होता. आज त्याच्या जोडीला, ते बिघडल्यावर कोणाच्या हाती जाते, हा प्रश्न उभा राहिला आहे.

शासनाच्या योजनांत या दुसऱ्या प्रश्नाला जागा दिसत नाही. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत १८ पारंपरिक व्यवसायांमध्ये शिंपीकामाचा समावेश आहे. तीत अवजारांच्या खरेदीसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य आणि ५ टक्के व्याजाने कर्ज मिळते. ही तरतूद निश्चितच स्वागतार्ह आहे. पण त्या अठरांच्या यादीत शिंप्याचे यंत्र दुरुस्त करणारा मिस्त्री नाही. जिल्हा परिषदा, नगरपालिका आणि लोकप्रतिनिधी शिवणयंत्रे वाटतात, तेव्हा मंडप पडतो, हारतुरे होतात, भाषणे होतात. नमनाला असे घडाभर तेल ओतले जाते. वर्षभराने त्याच यंत्राला थेंबभर तेल मिळते की नाही, हे पाहावयास मात्र कोणी फिरकत नाही. वाटलेल्या यंत्रांची संख्या अहवालात येते. त्यांतील किती चालू आहेत, हा आकडा मागण्याची पद्धतच नाही.

ग्राहकाच्या ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये समिती नेमली. शेतीची अवजारे, मोबाइल व इलेक्ट्रॉनिक वस्तू, टिकाऊ गृहोपयोगी वस्तू आणि वाहने ही चार क्षेत्रे तिच्यापुढे ठेवण्यात आली. गृहोपयोगी वस्तूंच्या त्या विस्तृत वर्गात शिवणयंत्र बसू शकेल; पण ज्यावर संसार चालतो ते साधन आणि ज्याने घराची शोभा वाढते ती वस्तू यांना एकाच मापाने मोजणे योग्य होणार नाही.

यावर सर्व्हिसिंगचे दर सरकारने बांधून द्यावेत, असा उपाय सुचणे सोपे आहे. परंतु तो अन्यायाचा होईल. मिस्त्री हा काही धनिक नव्हे. एक यंत्र नीट उघडून, पुसून, जुळवून देण्यात त्याचे दोन-तीन तास जातात. दुकानाचे भाडे, जाण्यायेण्याचा खर्च आणि कामाविना गेलेले दिवस त्याच मजुरीतून भागवावे लागतात. त्याची मजुरी कापून शिवणारणीला स्वस्ताई द्यावयाची, म्हणजे एका गरिबाच्या ताटातले काढून दुसऱ्याच्या ताटात वाढण्यासारखे होईल. शिवाय हे कसब पोट भरीत नाही असे दिसले, तर त्याची मुले त्या धंद्यात येणार नाहीत, आणि मग दुरुस्ती कोणत्याही दराने मिळेनाशी होईल.

दर न बांधताही खर्चाचा भार हलका करता येईल. सार्वजनिक पैशातून दिलेल्या प्रत्येक यंत्राबरोबर निदान पहिल्या तीन वर्षांच्या देखभालीची तरतूद असावी. शिवणकामाच्या प्रशिक्षणात सुई बदलणे, भुसा काढणे, योग्य तेल योग्य जागी घालणे आणि दोऱ्याचा ताण जुळविणे एवढे तरी हातून करवून घ्यावे. बचत गटांनी मिळून वर्षातून एकदा मिस्त्रीला गावात बोलावले, तर त्याला सलग काम मिळेल, बायकांची खेप वाचेल आणि यंत्र चार दिवस अडकून पडणार नाही. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून यंत्रदुरुस्तीचे छोटे अभ्यासक्रम निघाले आणि त्यांत मुलींना घेतले, तर शिवणारणींतूनच मिस्त्री तयार होतील. सेवा केंद्रांनी मजुरी, सुटे भाग आणि घरी येण्याचे शुल्क वेगवेगळे लिहून दर्शनी भागी लावावे. आणि उपजीविकेच्या साधनांच्या दुरुस्तीवरील कर त्या साधनांवरील कराहून अधिक असू नये, एवढे साधे तत्त्व वस्तू व सेवा कर परिषदेने मान्य करावे.

यांपैकी कोणत्याही गोष्टीला फार मोठा पैसा लागत नाही. पण त्यांतून समारंभही घडत नाही. यंत्र दिल्याचे छायाचित्र निघते, यंत्र चालू राहिल्याचे निघत नाही. मात्र मुलांच्या शाळेची फी आणि महिनाअखेरचा किराणा यंत्र मिळाल्याने भागत नसून ते रोज चालल्याने भागतो, याचा विसर धोरण आखणाऱ्यांना पडता कामा नये.