शिफारसपत्र कोणाकडे मागावे?

आपल्याकडे कॉलेजप्रवेश बहुधा गुणांवर ठरतो. म्हणून अमेरिकेस जाऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांस शिफारसपत्राचे महत्त्व उशिरा कळते. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी ही संस्था दोन शिक्षकांची पत्रे मागते : एक गणित वा विज्ञान शिकविणाऱ्याचे, दुसरे भाषा, इतिहास यांसारखा विषय शिकविणाऱ्याचे. अशा वेळी कित्येक जण सर्वांत अधिक गुण देणाऱ्या शिक्षकांकडेच धाव घेतात. ही निवड आम्हांस योग्य वाटत नाही. गुण तर गुणपत्रिकेत असतातच. ते पत्रात पुन्हा सांगून काय लाभ? ज्या गुरुजींनी वा बाईंनी तुमचे अडखळणे पाहिले, तुमच्या शंका ऐकल्या, एकच निबंध तुम्ही तीनदा लिहून आणल्याचे ज्यांस स्मरते, त्यांचेच शब्द तुमची खरी ओळख करून देतील. त्यांस पुरेसा अवधी द्यावा. त्यांनी नकार दिल्यास रोष धरू नये, कारण अनिच्छेने लिहिलेले पत्र नकाराहूनही घातक होय. मात्र, विद्यार्थिमित्रहो, वर्गात वर्षभर मौन धरून बसणाऱ्याविषयी कोणते गुरुजी काय लिहिणार? शिफारसपत्र शेवटच्या वर्षी मागावयाचे असले, तरी त्यातील मजकूर आपणच आजपासून पुरवीत असतो.