जीपला स्वेटर घाला, शिंगे नकोत!

आमच्या मेहुण्याने १९४४ सालची, लष्करातून निवृत्त झालेली विलीज जीप घेतली, तेव्हा मी बी.कॉम. असल्यामुळे पहिला प्रश्न विचारला, "घसारा किती धरलास?"

"भावोजी, ही वस्तू जुनी होते तशी महाग होते!"

बँकेत तेवीस वर्षे काढून मी जुना होतो तसा स्वस्त होत चाललो आहे. तेव्हा गप्प बसलो. तिथेच चुकले.

मग 'सुधारणा' सुरू झाल्या. रुंद टायर आले, कपाळावर सहा दिवे आले, रेड्यालाही लाज वाटेल असा भोंगा आला. शेवटी साठ घोड्यांचे मूळ पेट्रोल इंजिन काढून डिझेलचे बसवले. का? तर अ‍ॅव्हरेज! कारखान्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरफार चालणार नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली बजावले आहे. २०२१ च्या नियमांप्रमाणे तर पन्नाशी उलटलेल्या गाडीच्या इंजिनात वा चासीत मोठा फेरफार केला, की तिचा 'व्हिंटेज' हा मानही जातो. पण हौसेपुढे कोर्ट कसले?

नोव्हेंबरअखेर एलएफसी टाकून मी त्याच्याबरोबर झोजीला ओलांडून द्रासला गेलो. १ नोव्हेंबर १९४८ रोजी याच खिंडीतून जनरल थिमय्यांनी रणगाडे नेले होते. त्यांच्या कपाळावर सहा दिवे होते, असे मी कुठे वाचलेले नाही.

सकाळी पारा उणे बारा. किल्ली फिरवली. जीपने एक उसासा टाकला आणि मौन धरले. टाकीतल्या डिझेलचे थिजलेले तूप झाले होते. लडाखात २०१९ पासून उणे ३३ अंशांपर्यंत टिकणारे हिवाळी डिझेल मिळते; आमच्या टाकीत जम्मूचे होते. काढून टाकलेल्या इंजिनाचे पेट्रोल या थंडीत थिजलेच नसते, हे मेहुण्याला सांगायला मी तोंड उघडले, पण दात वाजत असल्यामुळे मुद्दा पोचला नाही.

रेडिएटरमध्येही साधे पाणीच होते. शेजारच्या ट्रकवाल्याने रात्री ते काढायला लावले म्हणून बरे. बर्फ होताना पाणी फुगते आणि इंजिनाचा ब्लॉक तडकतो. त्याने स्वतःच्या बॉनेटवर गोधडी घातली होती. उकळत्या पाण्याने आमचा फिल्टर आणि नळ्या शेकता शेकता तो म्हणाला, "साहब, बत्ती बहुत है, गर्मी नहीं है."

माझे म्हणणे याहून वेगळे नाही. थंडीत न्यायच्या जुन्या जीपला कूलंट, पातळ ऑइल, दमदार बॅटरी आणि हीटर एवढेच हवे. पण यातले काहीच फोटोत दिसत नाही! घरात नाही दाणा आणि मला बाजीराव म्हणा. कोणी म्हणेल, हौसेला मोल नसते. मान्य. पण माझ्या बोटांना आहे. त्यांनीच मी नोटा मोजतो. दोन दिवस ती बधिर होती.

परत आल्यावर मेहुण्याने जीपवर पुन्हा खर्च केला. मी आशेने विचारले, "हीटर?"

"छे हो, भावोजी! मागे 'द्रास' असे मोठ्ठे स्टिकर लावलेय!"