पाळणा आधी की जाहिरात आधी?



मोतीबिंदूच्या ऑपरेशनमुळे दीड महिना इकडे फिरकलो नव्हतो. दोन-तीन जणांनी मेल करून चौकशी केली, त्यांचे आभार. डोळा आता ठीक आहे. सूनबाईंनी अजून दिवसाला एकच तास कॉम्प्युटर मंजूर केलाय, म्हणून आज पाल्हाळ न लावता मुद्द्यावर येतो. (येतो म्हणालो खरं, पण माझ्या जुन्या विद्यार्थ्यांना माहीत आहे, मुद्द्यावर यायला मला अर्धा तास लागतो.)

झालं असं, की सौदीत असलेल्या पुतण्यानं एक व्हिडिओ पाठवला. रियाधजवळ किद्दिया नावाचं नवं शहर वसवतायत, तिथल्या सिक्स फ्लॅग्ज पार्कातला 'फाल्कन्स फ्लाइट' नावाचा रोलर कोस्टर. लांबी चार किलोमीटरच्या वर, वेग ताशी २५० किलोमीटर. म्हणजे आमच्या पलूसमधून सुटला तर मिनिटभरात किर्लोस्करवाडी स्टेशन! खाली पुतण्याचा प्रश्न, 'काका, बसणार का?' मी लिहिलं, 'आधी तुझ्या काकूला विचार.'

गंमत म्हणून जरा शोधाशोध केली. हा पाळणा जाहीर झाला २०१९ साली. तेव्हा पार्क २०२३ मध्ये उघडणार असं सांगत होते. उघडलं ३१ डिसेंबर २०२५ला. आता वाळवंटात अख्खं शहर उभं करायचं म्हणजे उशीर होणारच, त्यात मला काही विशेष वाटलं नाही. पण डोक्यात एक जुना किडा वळवळायला लागला. असा पाळणा लोकांना सांगायचा कधी? मनात आल्यावर, खड्डा खणल्यावर, की पाळणा फिरायला लागल्यावर?

तुम्ही म्हणाल, आबांना या वयात पाळण्याची काय पडलीय. सांगतो.

२०१६ सालची गोष्ट. आमचा नातू तेव्हा आठ वर्षांचा, पुण्यात राहायचा. सुट्टीत इकडे येताना त्यानं हायवेवर एक मोठं होर्डिंग पाहिलं. एका पार्कात (नाव घेत नाही, कुणाला दुखवायचं नाही) नवा रोलर कोस्टर येणार, 'पुढच्या उन्हाळ्यात'. खाली बारीक अक्षरात उंचीची अट, १४० सेंटिमीटर. हा पोरगा मोजला तर १२६. झालं! स्वयंपाकघराच्या चौकटीवर पेन्सिलीची रेघ मारून घेतली. जो मुलगा दुधाच्या नावानं नाक मुरडायचा तो दोन्ही वेळा पेला तोंडाला लावायला लागला. सकाळी अंगणात लोंबकळायला मी आंब्याला दोरी बांधून दिली. पुढच्या दिवाळीत १३१, मे महिन्यात १३४. उन्हाळा आला, पण पाळणा आला नाही. होर्डिंगवरचं 'पुढच्या उन्हाळ्यात' जाऊन तिथं 'लवकरच' आलं. आम्ही तरीही गेलो, कारण मी शब्द दिला होता. किर्लोस्करवाडीहून कोयना एक्सप्रेस धरली, पुण्यात मुक्काम, दुसऱ्या दिवशी गाडी करून पार्कात. तिथे पत्र्याचं कुंपण, आत चार खांब आणि वाढलेलं गवत. पोरगं कुंपणाच्या फटीतून बघत उभं राहिलं. रडलं नाही. मला म्हणालं, "आबा, तुम्हाला माहीत होतं का?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मला माहीत नव्हतं हे खरं, पण मी चौकशी केली नव्हती हेही तितकंच खरं.

तेव्हापासून माझं मत पक्कं झालं होतं की तयार होईपर्यंत कुणी काही बोलू नये. आमच्या यात्रेतला आकाशपाळणेवाला काय करतो? पलूसच्या धोंडीराज महाराजांच्या यात्रेला पाळणे येतात, त्याचं होर्डिंग कधी कुणी पाहिलंय? ट्रकमधून लोखंडी सांगाडा उतरायला लागला की शाळेत बातमी फुटते. मग माझ्या वर्गाचं निम्मं लक्ष खिडकीबाहेर. संध्याकाळी सांगाडा उभा, दुसऱ्या दिवशी फिरायला लागला. वस्तू आणि वर्दी एकदमच येते. यात फसवणुकीला जागाच नाही.

आणि आपल्या भागातल्या माणसाला जाहीर होणं आणि होणं यातला फरक कुणी शिकवायला नको. ताकारी आणि म्हैसाळच्या उपसा योजनांना मंजुरी मिळाली १९८४ साली. तेव्हा माझे केस काळे होते. पाटात प्रत्यक्ष पाणी बघायला मिळालं तेव्हा चष्मा लागला होता आणि डोकं निम्मं पांढरं झालं होतं. मधल्या काळात 'पाणी येणार' या भरवशावर काय काय ठरवलं असेल लोकांनी, त्याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही. असो. पाळण्यावर लिहायला बसलो आणि पाण्यात घसरलो.

तर मत पक्कं झालं होतं. पण या दीड महिन्यात डोळ्याला पट्टी लावून पडल्या पडल्या ते जरा ढिलं झालं, त्याला कारण शाळेची सहल.

माझ्या नोकरीच्या सुरुवातीच्या काळात आमचे हेडमास्तर सहल फार उशिरा जाहीर करायचे. एसटीचं बुकिंग पक्कं झाल्याशिवाय नोटीस फिरवायची नाही, असा त्यांचा दंडक. एका वर्षी महाबळेश्वर-प्रतापगडची सहल अशीच आठ दिवस आधी जाहीर झाली. वर्गणी साठ रुपये. माझ्या वर्गातला एक मुलगा, वडील ऊसतोडीला जाणारे, माझ्याकडे आला आणि म्हणाला, "गुरुजी, जूनमध्ये सांगितलं असतं तर मी कोंबडीची अंडी विकून जमवले असते." पैसे भरू का म्हणून मी विचारलं, तर नको म्हणाला. त्याला सहल हवी होती, दान नको होतं. ती सहल मला अजून नीट आठवते. प्रतापगडावर धुकं फार होतं, आणि मी सगळ्यांची हजेरी घेताना त्याचं नाव चुकून पुकारलं.

उशिरा सांगणारा स्वतःची अब्रू वाचवतो, हे मला तिथे कळलं. ज्याच्या खिशात पैसे तयार आहेत त्याला आठ दिवस पुरतात. ज्याला जमवायचे आहेत त्याला सहा महिने लागतात. मोठ्या पार्काचं चार माणसांचं तिकीट, गाडीभाडं आणि एक मुक्काम धरला तर आमच्याकडच्या द्राक्षबागेत मजुरीला जाणाऱ्या घराला ती वर्षाची गोष्ट होते. त्यांना आधी कळलंच पाहिजे.

पुढे मी स्वतः सहलप्रमुख झालो तेव्हा जूनमध्येच जाहीर करून टाकायला लागलो. मग एका वर्षी गाड्या मिळाल्या नाहीत, सहल रद्द, आणि पैसे परत करताना पोरांचे चेहरे बघवेनात. तिसऱ्या वर्षापासून एक मधला मार्ग काढला. जूनमध्ये एवढंच सांगायचं, की यंदा सहल न्यायचा विचार आहे, साधारण इतका खर्च येईल, जमवायला लागा, पण तारीख विचारू नका. तारीख सांगणार ती एसटीची पावती हातात आल्यावर. रद्द झालीच तर मी स्वतः वर्गात येऊन कारण सांगणार, नोटीस फिरवणार नाही. ही पद्धत निवृत्त होईपर्यंत टिकली.

आता पार्कवाल्यांचं बघू. त्यांचीही बाजू आहे. रोलर कोस्टर ही ट्रकातून उतरवून रात्रीत उभी करायची वस्तू नाही. आपल्या महाराष्ट्रातला सगळ्यात गाजलेला म्हणजे खोपोलीजवळच्या इमॅजिकातला 'नायट्रो'. पार्क सुरू झालं एप्रिल २०१३ मध्ये, तेव्हा नाव ॲडलॅब्ज इमॅजिका. हा पाळणा बोलिगर अँड माबिलार्ड या स्वित्झर्लंडच्या कंपनीचा, उंची चाळीस मीटरच्या आसपास, डब्याला तळ नाही, पाय लोंबकळते. असल्या पाळण्याचा प्रत्येक रूळ मापानुसार कारखान्यात वाकवून आणायचा, खाली काँक्रीटचे पाये भरायचे, सगळं जोडायचं आणि मग चाचण्या. माणसाच्या वजनाचे, पाण्यानं भरलेले पुतळे सीटवर बसवून गाडी पुन्हा पुन्हा फिरवतात. या चाचण्यांत काही खटकलं तर तारीख पुढे जाते, आणि ती गेलीच पाहिजे. तारीख पाळण्यासाठी चाचणी उरकणारा पार्कवाला मला नको.

दुसरी अडचण धंद्याची. आधी सांगितलं तर लोक म्हणतात, 'यंदा कशाला जायचं, पुढच्या वर्षी नवीन आलं की जाऊ.' म्हणजे चालू वर्षाचं गिऱ्हाईक आपल्याच जाहिरातीनं घरी बसवायचं! त्यात कंपनी शेअर बाजारात असली तर मोठा खर्च, नवा प्रकल्प हे भागधारकांना कळवणं भाग असतं, मग ते वर्तमानपत्रात येणारच. वंडरलाचं चेन्नईचं पार्क असंच वर्षानुवर्षं बातम्यांत होतं. जागा घेतलेली, पण स्थानिक करमणूक कराच्या प्रश्नात घोडं अडलेलं. शेवटी डिसेंबर २०२५ मध्ये ते उघडलं, आणि तिथला मोठा पाळणा त्याच स्वित्झर्लंडच्या कंपनीचा आहे. इतकी वर्षं वाट बघणाऱ्या चेन्नईतल्या काही पोरांना एव्हाना मिसरूड फुटलं असेल.

बरं, गप्प बसायचं म्हटलं तरी शंभर फुटांचं लोखंड झाकणार कशानं? अमेरिकेत ऑरलँडोच्या युनिव्हर्सल पार्कात 'व्हेलोसिकोस्टर' बांधत होते, तेव्हा येणारा-जाणारा ते काम रोज बघत होता, फोटो काढत होता. कंपनी मात्र तोंडातून अक्षर काढायला तयार नव्हती. अधिकृत घोषणा केली सप्टेंबर २०२०च्या शेवटी आणि पुढच्या जूनमध्ये सुरूही केला. मला हे आवडलं. घोषणेनंतर नऊ महिन्यांत पाळणा हलला. (नऊ महिने हा हिशेब पाळण्याच्या बाबतीत निसर्गानंही मान्य केलेला आहे!) त्याच गावात डिस्नेनं 'ट्रॉन'चा पाळणा जुलै २०१७ मध्ये जाहीर केला होता, तो लोकांसाठी खुला झाला एप्रिल २०२३ मध्ये. मधे करोना आला हे मान्य, पण पहिली घोषणा ऐकली तेव्हा दहा वर्षांचं असलेलं पोर तोवर कॉलेजला जायच्या वयाचं झालं.

सीडर पॉइंटची तऱ्हा आणखी वेगळी. ४२० फुटांचा जुना पाळणा अपघातानंतर बंद होता, त्याचं नवं रूप 'टॉप थ्रिल २' नावानं ऑगस्ट २०२३ मध्ये जाहीर झालं, मे २०२४ मध्ये ठरल्याप्रमाणे सुरूही झालं आणि जेमतेम आठवडाभर चालून बंद पडलं. डब्यांत दुरुस्ती हवी होती. तो सबंध मोसम तसाच गेला, पाळणा परत फिरला तो २०२५ साली. तेव्हा वेळेवर सुरू झाला म्हणजे सगळं जमलं, असंही नाही.

आमच्या पिढीला मुंबईचं एस्सेल वर्ल्ड आठवतं. गोराईचं, १९८९चं. टीव्हीवर त्याची जाहिरात लागायची आणि पलूसची पोरं ती तोंडपाठ म्हणायची. बोटीतून जायचं असतं एवढंच त्यांना ठाऊक. माझ्या वर्गातल्या किती जणांनी मोठं झाल्यावर जायचं ठरवलं असेल! २०२२ साली ते बंद झालं. त्याची वर्दी मात्र कुणी वर्षभर आधी दिली नाही. नवीन येणाऱ्याचा एवढा गाजावाजा, आणि जाणाऱ्याचा निरोप आदल्या दिवशी, हेही काही बरोबर नाही. 'पुढच्या वर्षापासून हे नसेल' असं सांगितलं तर कुणी एकदा येऊन जाईल की.

तर माझं म्हणणं असं. पाये भरून रूळाचे तुकडे जागेवर येऊन पडले की खुशाल जाहीर करा, त्याआधी नको. जाहीर करताना तिकिटाचा अंदाज आणि उंचीची अट मोठ्या अक्षरात सांगा, म्हणजे ज्याला पैसे जमवायचेत तो जमवेल आणि ज्याला दूध प्यायचंय तो पिईल. 'अमुक उन्हाळ्यात' म्हणा हवं तर, पण तारीख मात्र पुतळे फिरून झाल्यावरच. उशीर झाला तर ज्या होर्डिंगवर वचन दिलं त्याच होर्डिंगवर, तेवढ्याच अक्षरांत उशीर लिहा. 'लवकरच' हा शब्द मराठीतून नाही, पण निदान होर्डिंगांवरून तरी काढून टाकावा.

हे सगळं परवा नातवाला फोनवर ऐकवलं. तो आता पुण्यात इंजिनियरिंगला आहे, उंची पाच फूट दहा इंच. म्हणाला, "आबा, ते पत्र्याचं कुंपण अजून डोक्यात आहे होय तुमच्या? मी विसरलो पण." मग थोडं थांबून, "ती चौकटीवरची रेघ आहे का हो अजून?"

आहे. तीन रेघा आहेत, शेवटची १३४ची. त्या मे महिन्यानंतर त्यानं मापच घेतलं नव्हतं. दिवाळीला येतोय तेव्हा दारात उभं करून चौथी मारणार आहे, स्टुलावर चढायला सूनबाईंनी परवानगी दिली तर.

तुमच्याकडच्या यात्रेतल्या पाळण्यांच्या आठवणी असतील तर जरूर कळवा. तास संपला.