दप्तरातील पिस्तूल कोणाचे रक्षण करणार?

सोलापूरच्या नवी पेठेत महाविद्यालयीन तरुणांची वर्दळ असते. त्यांच्या पिशवीत वह्या आहेत की पिस्तूल, हा प्रश्न ना दुकानदाराला पडतो, ना प्राध्यापकाला. अमेरिकेतील टेक्सास राज्याने मात्र तो कायद्यानेच वर्गात आणून बसविला. १ ऑगस्ट २०१६ पासून तेथील सरकारी विद्यापीठांत परवानाधारकास लपविलेले पिस्तूल बाळगता येते. बरोबर पन्नास वर्षांपूर्वी, १ ऑगस्ट १९६६ रोजी, ऑस्टिनच्या विद्यापीठातील मनोऱ्यावरून एका माथेफिरूने निरपराधांवर गोळ्या झाडल्या होत्या. त्या स्मृतिदिनी विद्यापीठाला ही भेट मिळाली!

तेथील तीन प्राध्यापिका न्यायालयात गेल्या. समोरच्या विद्यार्थ्याजवळ शस्त्र असेल या धास्तीने वर्गातील मुक्त चर्चाच खुंटेल, असे त्यांचे म्हणणे होते. ही भीती इतरांच्या संभाव्य वर्तनावर आधारलेली आहे, असे सांगून अपील न्यायालयाने २०१८ मध्ये त्यांचा दावा फेटाळला. म्हणजे गुरूने निर्भयपणे शिकवायचे की नाही, हे शिष्याच्या लहरीवर सोडून द्यायचे काय?

समर्थक म्हणतात, सज्जनाच्या हाती शस्त्र असते तर अनर्थ टळला असता. २००७ मध्ये व्हर्जिनिया टेकमध्ये ३२ जणांचे बळी गेले. त्यांत मुंबईची एक विद्यार्थिनीही होती. त्यानंतर हा युक्तिवाद बळावला. परंतु गोळीबाराच्या गदारोळात धावून आलेल्या पोलिसाने सज्जन कोण आणि हल्लेखोर कोण, हे कसे ओळखावे?

आपल्याकडे या प्रश्नाला इतिहास आहे. १८७८ च्या शस्त्र कायद्याने इंग्रजांनी हिंदी माणसाला निःशस्त्र केले आणि गोऱ्यांना मोकळे ठेवले. सोलापूरने १९३० मध्ये लष्करी कायदा सोसला. १२ जानेवारी १९३१ रोजी या नगरीचे चार सुपुत्र येरवड्यात फासावर गेले. त्याच वर्षी कराची काँग्रेसने शस्त्र बाळगण्याचा हक्क मागितला, तो या अपमानाविरुद्ध होता. मात्र डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीत ह. वि. कामत यांनी तो हक्क मांडला, तेव्हा डॉ. आंबेडकरांनी विरोध केला आणि समितीने तो नाकारला. राज्य स्वकीयांचे झाले होते. घटनेच्या १९ व्या कलमाने सभेचा हक्क दिला, तोही ‘विनाशस्त्र’. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही, अमेरिकेप्रमाणे शस्त्र बाळगण्याचा मूलभूत हक्क भारतात नाही, याची आठवण करून दिली.

याचा अर्थ शासनाने हातावर हात ठेवून बसावे असा नव्हे. परवान्यासाठी प्रामाणिक नागरिकाने खेटे घालायचे आणि गुंडाच्या कमरेला गावठी कट्टा मिरवायचा, ही विसंगती संतापजनक आहे. कायद्याची धार तेथे दिसली पाहिजे. नागरिकाला निःशस्त्र राहण्यास सांगणाऱ्या राज्याने त्याच्या रक्षणाची हमी घेतलीच पाहिजे; अन्यथा तो उपदेश पोकळ ठरेल.

तरुणांनी बलोपासना जरूर करावी. पण ती आखाड्यात, मैदानावर, छात्रसेनेच्या शिस्तीत. उघड आणि सामूहिक. दप्तरात लपविलेले पिस्तूल हे शौर्याचे नव्हे, परस्परांवरील अविश्वासाचे लक्षण आहे. सरस्वतीच्या मंदिरात त्याला थारा नको!