चौदाव्या दिवशी कोण येतं?

शीव कोळीवाड्यात कुणी गेलं की गल्लीला वेगळं सांगावं लागत नाही. खुर्च्या येतात, शेजारून चहा येतो, जेवणाचे डबे येतात. कोळी घरात दहावं-बारावं होतं, जीटीबी नगरच्या पंजाबी वस्तीत भोग पडतो, मुसलमान शेजाऱ्यांकडे चाळीसावा. दिवस वेगवेगळे, पण शहाणपण एकच: दुःखातल्या घराला एकटं सोडायचं नाही.

मग खुर्च्या परत जातात आणि खरं दुःख तेव्हा सुरू होतं. मृत्यूच्या दाखल्यासाठी वॉर्ड ऑफिसला चकरा, बँकेचे फॉर्म, रेशनकार्डावरचं नाव. आणि कॉलेजात ७५ टक्के हजेरीचा हिशेब! ग्रुपवर आलेले हात जोडलेले शंभर इमोजी यातलं एकही काम करत नाहीत.

कोविडमध्ये तर हे तेरा दिवसही अनेकांना मिळाले नाहीत. अंत्यविधीला वीस माणसांची मर्यादा, भेटायला येणं बंद. तेव्हा शाळेत असताना आई किंवा बाबा गमावलेली मुलं आज आपल्याच वर्गात बसतात. त्यांच्याशी कुणी नीट बोललंय का?

दुःखाच्या ‘पाच पायऱ्या’ आपण रील्समध्ये पाहतो. एलिझाबेथ कुब्लर-रॉस यांनी १९६९ मध्ये त्या मांडल्या, त्या मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्यांसाठी ते टाइमटेबल नाही. त्यामुळे मित्र दोन महिन्यांनी अचानक रडला किंवा आठव्या दिवशी क्रिकेट खेळायला आला, तर त्याचं काही चुकलेलं नाही.

घरातल्या लहानग्यांचं काय? ‘बाबा गावाला गेलेत’ असं सांगितलं की मूल वाट बघत बसतं. ‘झोपलेत’ म्हटलं की त्याला झोपेची भीती वाटू शकते. ‘बाबा वारले, त्यांचं शरीर बंद पडलं, ते परत येणार नाहीत आणि यात तुझी काही चूक नाही,’ हे सांगणं कठीण आहे, पण तेच बरं. मूल तोच प्रश्न दहादा विचारेल. दहादा तेच खरं उत्तर द्यायचं. आणि अठरा वर्षांच्या पोरीला ‘आता तूच घराची आई’ म्हणणं बंद करूया. तिचीही आई गेलीय.

मदत आहे, फक्त माहीत हवी. टेलि-मानसचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, रात्री-अपरात्रीही लागतो आणि मराठीत बोलता येतं. शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. केसपेपर काढायचा, बस्स. आई किंवा वडील गमावलेल्या अठरा वर्षांखालच्या मुलांना राज्याच्या बालसंगोपन योजनेतून दरमहा २,२५० रुपये मिळू शकतात; चौकशी जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात करायची. सहा महिने उलटूनही रोजचं जगणं ठप्प असेल, तर डॉक्टरांकडे जायलाच हवं; जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत अशा लांबलेल्या शोकाची नोंद आहे. जगावंसं वाटत नाही असं कुणी म्हणालं, तर मात्र एक दिवसही थांबू नका.

पण फोनच्या पलीकडचा माणूस नोट्स आणून देणार नाही. ते आपलं काम. ‘काही लागलं तर सांग’ म्हणू नका. दुःखातला माणूस सांगत नाही. ‘उद्या अकराला येतो, वॉर्ड ऑफिसला सोबत जाऊ’ असं म्हणा आणि खरंच जा. गेलेल्या माणसाचं नाव घ्यायला घाबरू नका. ‘काकू पापलेट काय फर्मास करायच्या!’ एवढं म्हटलं तरी समोरचा बोलायला लागतो.

तेराव्यापर्यंत सगळी गल्ली येते. चौदाव्या दिवशी तुम्ही जा.